मेसेजवर संदर्भसेवा: दोन माणसांच्या वाचनालयाला जमेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावी 'ब' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय. एक ग्रंथपाल, एक लिपिक, शिपाई अर्धा वेळ. अभ्यासिकेतली मुलं आणि नोकरीनिमित्त बाहेर गेलेले सभासद विचारतात, फोन लावण्यापेक्षा मेसेज टाकून माहिती मागितली तर चालेल का. मंडळ तयार आहे. ग्रंथपालांना मात्र तीन गोष्टींची धास्ती आहे. एसएमएस घ्यावा की व्हॉट्सॲप? प्रश्नांचा पूर आला तर दोघांनी तो कसा उपसायचा? आणि 'हे सगळं गूगलवर मिळतं' म्हणणाऱ्या कार्यवाहांना काय सांगायचं?

जमेल. मी २४ वर्षं अशाच एका वाचनालयात आहे. आमच्याकडे ही सेवा २०२० च्या टाळेबंदीत सुरू झाली, तीही ठरवून नाही. दाराला कुलूप होतं. एका सभासदाने माझ्या स्वतःच्या नंबरवर विचारलं, मुलाच्या प्रकल्पासाठी आपल्या किल्ल्याबद्दल गॅझेटिअरमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथात, काय आहे, बघून सांगता का. मी सांगितलं. पंधरा दिवसांत माझा फोन गावचा झाला. रात्री साडेअकराला 'मॅडम जाग्या आहात का' असे मेसेज यायला लागले. तेव्हा पहिली सूचना ठेच लागून शिकलेली आहे: स्वतःचा नंबर देऊ नका. लिपिकाचाही नको.

वाचनालयाचा जुना लँडलाइन अजून चालू असेल तर तो वापरता येतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. व्हॉट्सॲप बिझनेस २०१८ पासून आहे, फुकट आहे आणि लँडलाइनच्या नंबरवरही चालतो. नोंदणी करताना एसएमएसऐवजी कॉलचा पर्याय निवडायचा. टेबलावरचा फोन वाजतो, पलीकडून एक यंत्र सहा आकडे वाचून दाखवतं, ते मोबाइलमध्ये टाकले की झालं. गावातल्या जुन्या घरांत भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेला नंबर असतो ना, तोच चालू राहतो. मात्र लँडलाइनवर एसएमएस येणार नाही. दोन्ही एकाच नंबरवर हवं असेल तर वाचनालयाच्या नावाने सिम घ्या आणि ते साध्या स्मार्टफोनमध्ये घाला. हँडसेट साधा चालेल, पण कॅमेरा बरा बघून घ्या, कारण पुढे सांगते. हेच खातं काउंटरवरच्या संगणकावर उघडता येतं, म्हणजे लांब उत्तर अंगठ्याने टाइप करत बसावं लागत नाही.

मग एसएमएस हवाच कशाला? आमच्याकडे अजून असे सभासद आहेत ज्यांच्या हातात बटणांचा फोन आहे, आणि त्यांतले काही गावातले सर्वांत कसलेले वाचक आहेत. शिवाय ज्या वाड्यावस्त्यांवर नेट लागत नाही तिथे एसएमएस पोचतो. त्याची एक अडचण आधीच समजून घ्या. एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात असं आपण ऐकत आलो, ते रोमन लिपीचं. देवनागरीत लिहिलं की मेसेज युनिकोडमध्ये जातो आणि मर्यादा ७० वर येते. त्यात फोनची मोजणी आपल्यासारखी नसते. 'ग्रंथालय' आपल्याला चार अक्षरं दिसतात. फोन आठ मोजतो: ग, पायमोड, र, अनुस्वार, थ, काना, ल, य. 'महाराष्ट्र' चाराचे दहा होतात. ७० ओलांडले की मेसेजचे तुकडे होतात, आणि ते पुन्हा जोडण्याच्या खुणेला जागा लागते म्हणून एकेका तुकड्यात ६७ च उरतात. त्यामुळे एसएमएसवर 'महोदय, आपला प्रश्न प्राप्त झाला' ही सरकारी सुरुवात परवडत नाही. थेट उत्तर, आणि खाली 'सविस्तर वाचनालयात'.

एकगठ्ठा एसएमएस पाठवून देणाऱ्या कंपन्यांचे फोन तुम्हालाही येतील. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, २०१८ च्या नियमांमुळे तशा एसएमएससाठी संस्थेची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मजकुराच्या साच्याची आधी नोंदणी करावी लागते. 'आपण मागणी केलेला ग्रंथ आला आहे' हे साच्यात बसतं. संदर्भाचं उत्तर दर वेळी वेगळं, ते कुठल्या साच्यात बसवणार? तो खर्च करू नका. एकेकाला उत्तर द्यायला साधं सिम पुरतं.

परदेशात ही सेवा एसएमएसवरच रुजली. अमेरिकेत साउथईस्टर्न लुइझियाना विद्यापीठाच्या ग्रंथालयाने २००५ मध्ये विद्यार्थ्यांचे प्रश्न एसएमएसवर घ्यायला सुरुवात केली. २००९ मध्ये तिथल्या बऱ्याच ग्रंथालयांनी मिळून 'माय इन्फो क्वेस्ट' नावाची सामाईक सेवा काढली आणि उत्तरं देण्याच्या पाळ्या आपसांत वाटून घेतल्या. ही पाळ्यांची कल्पना मला फार पटते. आपल्याकडे जिल्ह्यातली चार-पाच वाचनालयं वार वाटून हे करू शकतील. मी दोनदा जिल्ह्याच्या बैठकीत मांडलं. दोन्ही वेळा चहा आला.

आता मुख्य गोष्टीकडे येते, कारण नंबर, फोन, सिम हे एका दुपारचं काम आहे. काउंटरवर वाचक समोर उभा असतो. तो 'इतिहासाचं काहीतरी' म्हणतो, पण त्याच्या हातातली वही, बरोबरचं पोर, डोळ्यांतली घाई हे सगळं आपल्याला दिसतं, आणि आपण न कळत त्यावरून अंदाज बांधतो. मेसेजमध्ये यातलं काहीच येत नाही. फक्त एक ओळ येते. लोक पहिल्या प्रश्नात हवं ते मागत नाहीत, मिळेल असं वाटतं ते मागतात. अमेरिकेतल्या वूस्टरचे ग्रंथपाल सॅम्युअल ग्रीन यांनी १८७६ च्या निबंधात ग्रंथपालाने वाचकाशी मोकळेपणाने बोलून त्याला नेमकं काय हवंय ते काढून घ्यावं असं मांडलं होतं. ते काउंटरवर शक्य आहे. मेसेजवर ते काम एका उलट्या प्रश्नात उरकावं लागतं. ही सेवा चालते की बुडते ते त्या एका उलट्या प्रश्नावर ठरतं, असं मला सहा वर्षांनी ठाम वाटतं.

एक उदाहरण सांगते. एका मुलीचा मेसेज आला, मराठी पण रोमन अक्षरांत: व्ही-ए-डी-ए, आणि पुढे 'बद्दल माहिती हवी'. आमच्या लिपिकाला तो वडा वाटला. त्याने प्रामाणिकपणे पाककृतींच्या चार पुस्तकांची नावं दाखल क्रमांकासकट पाठवली. मुलगी आर्किटेक्चरची होती. तिला वाडा हवा होता: दिंडीदरवाजा, चौक, सोपा, माजघर. मी लिपिकाला हसले खरी, पण तो मेसेज मी वाचला असता तर पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्याची गॅझेटिअरमधली पानं काढली असती, कारण त्याच आठवड्यात एका शिक्षकाला ती दिली होती. रोमनमधल्या मराठीत काना दिसत नाही, ळ आणि ल एक होतात, ण आणि न एक होतात. लोकांना 'देवनागरीतच लिहा' म्हणून चालत नाही, ते लिहिणारच नाहीत. ज्यांना टाइप करायचा कंटाळा ते आवाजी मेसेज पाठवतील, तेही चालू द्या. त्यांत उच्चार तरी स्पष्ट असतो.

तर उलटा प्रश्न एकच विचारायचा. एका दमात तीन विचारले की वाचक पळतो. मेसेजवर 'नंतर सांगतो' म्हणजे कधीच नाही. आणि तो प्रश्न पर्याय देऊन विचारायचा, म्हणजे समोरच्याला एका शब्दात उत्तर देता येतं: 'वाडा म्हणजे जुनं घर, की तालुका?' दुसरं, 'कशासाठी हवंय?' असं कधी लिहू नका. समोर असताना आपण ते हसून विचारतो, त्यात काही वाटत नाही. लिहिल्यावर ते पोलीस चौकीतलं वाटतं. 'शाळेच्या प्रकल्पाला हवंय की स्वतः वाचायला? त्याप्रमाणे पुस्तक काढते' असं लिहिलं की लोक आपणहून सगळं सांगतात, पोराच्या बाईंचं नावसुद्धा.

याच उलट्या प्रश्नाने एकदा एका घरातली हळहळ थांबवली. २०२१ चा जानेवारी. पुण्याला नोकरी करणाऱ्या एका सभासदाने विचारलं, 'शके १८५७ म्हणजे इसवी सन कोणतं?' याचं झटकन उत्तर सगळ्यांना येतं: ७८ मिळवा, १९३५. गूगलही तेच सांगतं. मी तेच लिहून मोकळी होणार होते. पण शक वर्ष गुढीपाडव्याला बदलतं. पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे, आणि जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९. म्हणून विचारलं, 'महिना किंवा तिथी माहीत आहे का?' त्याने एका जुन्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला, मोडकं अक्षर, त्यात 'फाल्गुन व॥ ५' (वद्य पंचमी). म्हणजे १९३६, मार्च, रंगपंचमी. जंत्री, म्हणजे जुन्या तिथी-तारखांचं कोष्टक, काढून तारीख दिली. मग त्याचा फोनच आला. ती नोंद आजीच्या जन्माची होती; तिची पंच्याऐंशी गेल्या वर्षी करोनात निघून गेली म्हणून घरात सगळे चुटपुटत होते. ती गेलेली नव्हतीच, दोन महिन्यांनी यायची होती.

कार्यवाह 'गूगलवर मिळतं' म्हणाले तर त्यांना हे सांगा. गूगलने चूक केली नव्हती. त्याला तिथी विचारता आली नाही, एवढंच.

मराठवाड्यात आणखी एक गंमत येते. निजामी राज्यातले कागद फसली सनात, म्हणजे महसुलाच्या जुन्या कालगणनेत, असतात, तेव्हा जमिनीच्या जुन्या कागदाचा फोटो आला की आधी 'हे गाव कोणत्या तालुक्यातलं?' असं विचारावं. सन कोणता धरायचा ते त्यावरून ठरतं.

उत्तर लिहायची आमची पद्धत आता पक्की झाली आहे. पहिल्या ओळीत उत्तर. दुसऱ्या ओळीत आधार, ग्रंथाचं नाव, खंड, पान. शेवटी 'एवढ्याने भागेल का?' हा शेवटचा प्रश्न सौजन्याचा नाही. चारातला एक वाचक त्यावर खरा प्रश्न विचारतो. 'तुम्ही' सगळ्यांना, अभ्यासिकेतल्या सतरा वर्षांच्या मुलालाही. दादा, ताई, काका लिहायचा मोह होतो, पण लिहिणारा कोण ते समोरच्याला दिसत नाही, आणि एका दादांच्या फोनवरून त्यांची बायको विचारत होती हे आम्हाला तीन मेसेजनंतर कळलं. खाली नाव न लिहिता 'संदर्भ विभाग' लिहा. उत्तर कोण देतंय यावर लोक प्रश्न बदलतात.

आधार दिल्याशिवाय उत्तर पाठवू नका, साधं असलं तरी. यासाठी कपाटं धुंडाळायची गरज दर वेळी नसते. मराठी विश्वकोशाचे वीसही खंड आता नेटवर आहेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली पहिला खंड १९७६ ला आला होता, तेव्हा जुन्या नोंदीतले लोकसंख्येचे, उत्पादनाचे आकडे पाठवताना खंडाचं साल लिहायला विसरू नका, नाहीतर पोरं १९७० च्या दशकातला कापूस आजचा म्हणून प्रकल्पात चिकटवतात. केतकरांचा ज्ञानकोश नेटवर आहे, जिल्हा गॅझेटिअरही आहेत. शब्दाचा अर्थ विचारला तर दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश दोन्ही बघा. ग्रामीण शब्द असेल तर मोल्सवर्थ पुष्कळदा जास्त उपयोगी पडतो, हे माझं मत. पण जिथे वाचनालयाला कुणी हरवू शकत नाही ती जागा म्हणजे नेटवर नसलेला ऐवज: शाळेच्या शताब्दीची स्मरणिका, बंद पडलेल्या साप्ताहिकाचे बांधीव खंड, गावातल्या माणसाने छापलेलं शंभर पानी आत्मचरित्र. सुरू करण्याआधी अशा ऐवजाची एक साधी यादी करून फोनमध्ये ठेवा. आमच्या सगळ्यांत गाजलेल्या उत्तरांतलं निम्मं त्या एका कपाटातून आलं आहे.

परदेशातून येणारे प्रश्नही बहुतेक त्याच कपाटाकडे जातात. आपल्या दुपारी तीनला न्यू जर्सीत पहाट असते, आणि एवढ्या पहाटे कुणीतरी विचारतं, 'आमच्या वेळी चौथीच्या पुस्तकात एक कविता होती, पावसाची, शेवटी आई येते.' बालभारतीची जुनी पुस्तकं तुमच्याकडे रद्दीत निघाली असतील तर ती वाचवा. मी याहून जास्त सांगत नाही.

अभ्यासिकेतल्या मुलांचे आणि शिक्षकांचे प्रश्न वेगळे. त्यांना शासन निर्णय हवे असतात, आणि अर्ध्या वेळा त्यांच्याकडे फिरत आलेला जीआरचा फोटो असतो: 'हा खरा आहे का?' आधी त्यावरचा संगणक सांकेतांक बघा. लांबलचक आकडा असतो, त्याचे पहिले आठ आकडे साधारणपणे वर्ष, महिना, दिवस असे असतात. ते वरच्या दिनांकाशी अजिबात जुळत नसतील तर सावध व्हा. मग शासनाच्या संकेतस्थळावर त्या सांकेतांकाने शोधा. मिळाला तर तिथली प्रत पाठवा, न मिळाला तर 'शासनाच्या संकेतस्थळावर या सांकेतांकाचा निर्णय सापडला नाही' एवढंच लिहा. 'खोटा आहे' असं लिहू नका. तुमचा तो मेसेज दहा मिनिटांत पुढच्या तीन ग्रुपवर गेलेला असतो, वाचनालयाच्या नावासकट.

गेल्या दोन वर्षांत एक नवा प्रकार आला आहे. मुलं पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशन, साल अगदी नीट लिहून मागतात, आणि तसं पुस्तक जगात नसतं. एआयने ते रचलेलं असतं. लेखक खरा, प्रकाशन खरं, पुस्तक तेवढं कल्पनेतलं. अशा वेळी मुलाला वेड्यात काढू नका. १९५० पर्यंतचं असेल तर शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची बघा. त्यांनी १८०० ते १९५० पर्यंतची मराठी पुस्तकं दोन भागांत नोंदवून ठेवली आहेत, आणि तिथे नाही म्हणजे शंका घ्यायला जागा आहे. पुढचं असेल तर मोठ्या ग्रंथालयांच्या ऑनलाइन तालिका. मग लिहा, 'हे नाव कुठल्याच सूचीत दिसत नाही. त्याच विषयावर आमच्याकडे ही दोन आहेत.' त्या दोन पुस्तकांसाठी मुलगा चालत येतो.

पानांच्या फोटोंबद्दल. कॅमेरा बरा घ्या म्हटलं ते यासाठी. खिडकीजवळ, पुस्तक पूर्ण सपाट, ट्यूबलाइटची चकाकी टाळून. ज्या पानाचा फोटो पाठवाल त्याबरोबर मुखपृष्ठानंतरच्या शीर्षकपानाचाही पाठवा, नाहीतर सहा महिन्यांनी वाचक विचारतो, 'ते कुठल्या पुस्तकातलं होतं?' जुन्या पुस्तकाची पाठ मोडेल इतकं उघडू नका; तसं असेल तर मजकूर टाइप करून पाठवा. अभ्यासासाठी एखाद-दुसरं पान देणं यात गैर काही नाही, १९५७ चा कॉपीराइट कायदा खासगी अभ्यासाला आणि संशोधनाला वाव देतो. अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ मात्र नाही, कितीही विनवण्या आल्या तरी. लेखक जाऊन ६० वर्षं झाली असतील तर गोष्ट वेगळी. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे २०११ च्या सुरुवातीपासून त्यांचं लेखन मोकळं आहे. लेखकाच्या निधनाचं साल विचारायची सवय लावून घ्या, पाच वर्षांत तुम्हाला निम्मी तोंडपाठ होतील.

आता एक चूक सांगते, जी आमच्या हातून झाली आणि मला अजून बोचते. फोन काउंटरवर उताणा पडलेला असायचा. एका सभासद बाईंनी विचारलं होतं की घटस्फोटानंतर पोटगीच्या कायद्याचं सोप्या मराठीतलं पुस्तक आहे का. दुपारी पुस्तक बदलायला रांग होती, त्याच वेळी त्यांचा पुढचा मेसेज आला, पडदा उजळला आणि नाव आणि पहिली ओळ रांगेतल्या पहिल्या माणसाने वाचली. तो त्यांच्या गल्लीतला होता. त्या पुन्हा आल्या नाहीत, ना मेसेजवर ना वाचनालयात. त्या दिवसापासून फोन ड्रॉवरमध्ये असतो, पडद्यावर मजकूर दिसण्याची सोय बंद आहे, आणि नोंदवहीत आम्ही नाव लिहीत नाही, फक्त तारीख, विषय, आधार आणि लागलेला वेळ. वर्ष संपलं की जुने मेसेज पुसतो. २०२३ चा वैयक्तिक माहितीचा कायदा आला आहे, त्याचा धाक घाला मंडळाला, पण खरं कारण ती बाई आहे. याच कारणाने ग्रुप काढू नका. ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात, आणि एकदा एकाने 'सुप्रभात' टाकलं की संदर्भसेवा संपली. नव्या पुस्तकांची यादी कळवायची तर ब्रॉडकास्ट वापरा. ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये साठवलाय त्यांनाच ती जाते, ते बरंच आहे.

लिपिक किंवा ग्रंथपाल बाई असतील तर हे आधीच मंडळाकडून लेखी घ्या: वात्रट मेसेज करणाऱ्याला एक इशारा, मग नंबर बंद, आणि सभासद असेल तर कार्यवाहांकडे तक्रार. आमच्याकडे सहा वर्षांत असे चारच निघाले. पण पहिल्या वेळी नियम नव्हता, म्हणून आठवडाभर गप्प बसून सोसलं.

औषधाचा डोस, रिपोर्टचा अर्थ, खटला जिंकू का, याला उत्तर द्यायचं नाही. 'यावर आमच्याकडे हे पुस्तक आहे, निर्णय डॉक्टरांचा' किंवा 'वकिलांचा'. तालुक्याच्या ठिकाणी मोफत विधी सेवा समिती असते, तिचा पत्ता मात्र द्या. पत्ता देणं हीसुद्धा संदर्भसेवाच आहे.

पुराची भीती. येत नाही. पहिल्या महिन्यात आम्हाला दिवसाला तीन-चार प्रश्न आले, परीक्षांच्या हंगामात दहा-बारा. त्यांतले निम्मे 'पुस्तक आहे का' आणि 'उद्या वाचनालय उघडं आहे का' या जातीचे. यांची उत्तरं बिझनेस ॲपमध्ये झटपट उत्तर म्हणून साठवून ठेवा, एका खुणेवर निघतात. उरलेल्या प्रश्नांना लागणारा वेळ पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत. खरी अडचण वेळेच्या शब्दाची आहे. 'लगेच' म्हणू नका. आम्ही सांगतो, वाचनालयाच्या वेळेत आलेल्या प्रश्नाला त्याच दिवशी, सुटीच्या दिवशी आलेल्याला दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत. वेळेबाहेरचा मेसेज आला की आपोआप तेवढं उत्तर जातं. शोधायला वेळ लागणार असेल तर 'शोधतेय, उद्या सकाळी कळवते' असं आधी टाका. वाचक थांबायला तयार असतो. पलीकडे कोणी आहे की नाही हे कळत नाही तेव्हा तो चिडतो. वाचकाचा वेळ वाचवा हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांचा १९३१ चा चौथा सिद्धान्त आपण भाषणात सांगतो, तो इथे असा वापरायचा.

आणि नोंद ठेवा, त्या दिवशीच. तपासणीला कोणी आलं की काउंटरवरची देवघेव दिसते, मेसेजवरची दिसत नाही. आमच्या वार्षिक अहवालात मी आता पाच प्रश्न उत्तरांसकट छापते, नावं वगळून. मंडळातल्या ज्या गृहस्थांचा सगळ्यांत जास्त विरोध होता ते तेवढं पान वाचतात.

सुरू असं करा. बोर्ड लावायच्या आधी पंधरा दिवस फक्त पाच ओळखीच्या सभासदांना नंबर द्या, त्यांतला एक बटणाच्या फोनवाला हवा, एक रोमनमध्ये लिहिणारा हवा, एक आवाजी मेसेज पाठवणारा. त्यांना मुद्दाम अवघड प्रश्न पाठवायला सांगा. तुमचा लिपिक कुठे अडतो, तुमच्या कपाटात काय सापडत नाही, जंत्री कोणी घरी नेली आहे, हे सगळं त्या पंधरा दिवसांत कळतं. आमची जंत्री दोन वर्षांपूर्वीपासून एका सभासदाकडे होती. बोर्ड लावायचा तो साधा. आमचा आहे: 'माहिती हवी आहे? या नंबरवर मेसेज करा. मराठी, इंग्रजी, आवाज, फोटो काहीही चालेल. उत्तर वाचनालयाच्या वेळेत, पुस्तकाचं पान दाखवून.' शेवटचे तीन शब्द आमच्या शिपायाने सुचवले.